वीचोलांच्या दोरीवर तीन पुंजके जास्त

मेक्सिकोहून परत आल्यापासून औरंगपुऱ्यात मला ज्या ज्या बाईनं गाठलं, तिनं दोनच प्रश्न विचारले. तिथं खायला काय मिळतं, आणि नात काय म्हणते? पहिल्याचं उत्तर मी भाजीच्या गाड्यापाशी उभ्या उभ्या देते. दुसऱ्याला वेळ लागतो, कारण त्यात एक डोंगर येतो, एक म्हातारा गाणारा येतो, ढोल येतो आणि माझ्या हातांची एक खोड येते. म्हणून म्हटलं, एकदाच नीट लिहून काढावं.

मी मूळची सिल्लोडची, कापसाच्या व्यापाऱ्याची मुलगी. लग्न करून संभाजीनगरात आले आणि गेली कित्येक वर्षं घरच्या घरी वाती आणि देवाची कापसाची वस्त्रं करून दुकानदारांना पुरवते. टीव्ही बघताना, फोनवर बोलताना, यांच्याशी भांडतानासुद्धा माझे हात चालू असतात. मोकळा हात मला सहन होत नाही.

मुलगी मेघा आणि जावई मेक्सिकोत ग्वादालाहारा नावाच्या मोठ्या शहरात संगणकाच्या कंपनीत आहेत. नात इरा तिथंच जन्मली, आता चार वर्षांची झाली. रोज आमची संध्याकाळ आणि त्यांची सकाळ अशी गाठ घालून आम्ही फोनवर भेटायचो. इरा मला दात घासलेले दाखवायची, बाहुलीला जेवू घालताना मलाही एक घास स्क्रीनला लावायची. चार वर्षांत प्रत्यक्ष भेट एकदाही नाही. माझे गुडघे कामातून गेलेले, यांना एवढा प्रवास डॉक्टरांनी नको म्हटलेला. त्यामुळे मी एकटीनं करायची ही फेरी पहिली आणि शेवटची, असं घरात सगळ्यांनीच धरून ठेवलं होतं. मीसुद्धा. तीन आठवड्यांत नातीला पोटभर मांडीवर घ्यायचं, बाकी मेक्सिको दिसला तर दिसला, असा माझा बेत होता.

ग्वादालाहारा

विमानतळावर मी दोन्ही हात पसरून उभी, आणि इरा मेघाच्या पायामागं. हात पसरलेली बाई आणि तिच्याकडं कुणीच धावत येत नाही, हे दृश्य बराच वेळ चाललं. शेजारच्या एका अनोळखी बाईला दया येऊन तिनं माझ्याकडं बघून स्मित केलं. मग इरानं आईला हळूच विचारलं, "फोनमधली आजी कुठंय?"

"अगं, हीच ती."

"नाही. ती एवढीशी आहे," असं म्हणून तिनं तळहात दाखवला.

सगळे हसले, मीही हसले. चार वर्षं रोज बोलत होतो, आणि समोर आल्यावर मीच परकी!

पुढचे दोन दिवस मी सगळे उपाय केले. बेसनाचे लाडू, गाणी, घोडा घोडा. इरा दाराआडून बघायची आणि मी उठले की पळायची. शेवटी मी एक युक्ती काढली. स्वयंपाकघरात जाऊन दार लोटलं आणि मेघाच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. इरानं धावत येऊन फोन उचलला. "आजी! तू कुठं होतीस? आमच्याकडं एक बाई राहायला आलीय!"

"व्हय का? कशी हाय गं ती?"

"मोठी आहे. सारखी पापी मागते."

मी भिंतीपलीकडून तिचा आवाज दोनदा ऐकत होते, एकदा फोनमधून आणि एकदा खराखुरा. त्या दिवसापासून रोज सकाळी मी स्वयंपाकघरात जाऊन नातीला फोन करायची आणि ती मला माझ्याच तक्रारी सांगायची. मेघा हसून हसून बेजार व्हायची. मला एकदा हसताहसता रडू आलं, ते मी कांद्यावर ढकललं.

या दिवसांत घरी लुसिया येऊ लागली. लुसिया मेघाची मैत्रीण, वयानं तिच्याएवढीच, आणि तिचा मुलगा तोन्यो इराचा जिवलग. दर रविवारी ती शहरातल्या कारागिरांच्या गल्लीत पाल टाकून स्वतःच्या हातच्या वस्तू विकते. तिची माणसं डोंगरातली. जग त्यांना वीचोल म्हणतं, ते स्वतःला विशारिका म्हणतात. घरात त्यांची स्वतःची भाषा, बाजारात स्पॅनिश. लुसिया मेघाशी स्पॅनिश बोलायची आणि मेघा मला मराठीत सांगायची. मेघा कामात असली की मी थेट मराठीत बोलायची आणि लुसिया थेट तिच्या भाषेत, आणि दोघींचं बरं चालायचं.

तिचं काम बघायला मात्र मी हातातली वात खाली ठेवली, आणि मी ती सहसा ठेवत नाही. लाकडी फळीवर मधमाशीच्या मेणाचा पातळ थर द्यायचा, फळी उन्हात धरून मेण मऊ करायचं आणि मग रंगीत लोकरीचा एकेक धागा नखानं त्यात दाबत जायचं. धाग्याला धागा चिकटून. निळं हरीण, पाच रंगांचा मका, सूर्य, विंचू, गरुड, सगळं बारीक रेषांनी भरलेलं, बोटभर जागा मोकळी नाही. भोपळ्याच्या वाडग्याला आतून असेच मणी लावतात. मी दोन तास बसून एक हरणाचं शिंग केलं. अंगठा सुजला आणि शिंग बकरीचं दिसायला लागलं.

"हे सगळं देवाला मागणं असतं," लुसिया म्हणाली. "आम्ही मागणं तोंडानं कमी सांगतो, हातानं जास्त. वाडगा केला की त्यातून देव पाणी पितो, आणि आतल्या चित्रात आपलं मागणं वाचतो."

"मग इकता कशाला?" मी विचारलं. मेघानं डोळे वटारले, पण प्रश्न पोचवला.

लुसियाला राग आला नाही. "देवाचे वेगळे करतो, ते गुहेत, झऱ्यावर, समुद्रावर ठेवून येतो. बाजाराचे वेगळे."

हे मला पटकन समजलं. माझ्या देव्हाऱ्यातलं वस्त्र मी कधी दुकानाच्या गठ्ठ्यातून उचलत नाही, आंघोळ करून वेगळं बसून करते. मी पिशवीतून वातीचा कापूस काढला आणि तिला एक वस्त्र करून दाखवलं. तिनं ते उलटसुलट करून बघितलं, आणि म्हणाली, "पुढच्या आठवड्यात आमच्या डोंगरात मुलांचा सण आहे. नव्या मक्याचा. तुम्ही तिघी या. आमच्याकडंही कापूस लागतो."

केकताडाच्या वाटेनं

बाहेरच्या माणसाला त्या सणाला सहसा बसू देत नाहीत. लुसियाचे वडील तिथले माराकामे, म्हणजे गाणारे, देवाशी बोलणारे. त्यांनी गावातल्या मोठ्यांना विचारलं आणि निरोप आला की या, पण फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही. यांना फोनवर सांगितलं तर हे म्हणाले, "ते लोक कसलं तरी निवडुंग खातात म्हणे. तू काही खाऊ नकोस." ते खरंच आहे. हिकुरी नावाचं लहानसं काटे नसलेलं निवडुंग त्यांना पवित्र, आणि ते आणायला ते कित्येक मैलांवरच्या वाळवंटात जातात, विरीकुताला, जिथं त्यांच्या सूर्याचा जन्म झाला. हल्ली बाहेरची हौशी माणसं नशेसाठी तिथं घुसतात, त्याचा विषय काढला की लुसियाच्या कपाळाला आठ्या पडतात. मुलांच्या सणात आपल्याला कुणी ते देणार नव्हतं आणि मीही मागणार नव्हते.

शहर सुटलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निळसर शेतं लागली. मी काचेला नाक लावलं. केकताड! आपल्याकडं बांधाला कुंपण म्हणून जे लावतात, जनावरंही ज्याला तोंड लावत नाहीत, ते केकताड मैलोनमैल ओळीत लावलेलं. मेघानं सांगितलं की त्याचा गड्डा भाजून दारू काढतात आणि ती जगभर जाते. आमच्या गावाकडच्या बांधावर केवढं भांडवल उभं आहे हे ऐकून मला हसू आवरेना.

जेवायला थांबलो तिथं फड्या निवडुंगाची भाजी आली. काटे सोलून, उभे काप करून, कांदा-टोमॅटोत परतलेली, भेंडीसारखी जरा बुळबुळीत, चवीला झकास. सोबत चुन्यात शिजवून दळलेल्या मक्याच्या पिठाच्या रोट्या. ठेचाही पाट्यावरचा. फळवाल्याकडं सीताफळं बघून मी अभिमानानं सांगितलं की ही आमच्या दौलताबादची. फळवाला म्हणाला, हे इथलंच, जुन्या काळापासून. मग लुसियानं सांगायला सुरुवात केली. सीताफळ इथलं, पेरू इथला, मिरची, मका, शेंगदाणा, टोमॅटो, झेंडूसुद्धा इथलाच. मी म्हटलं, "बाई, मग आमच्या सिल्लोडात आमचं म्हणून ऱ्हायलं काय?" तिनं थोडा विचार करून "आंबा" म्हटलं, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

घाट लागल्यावर इराला मळमळायला लागलं. मी आवळासुपारी पुढं केली. तिनं माझ्या हाताकडं बघितलं, आईकडं बघितलं, आणि मला ती सीटवर ठेवायला लावली. मी ठेवली. मग तिनं ती उचलून तोंडात टाकली. मी खिडकीबाहेर बघत राहिले, जणू माझं लक्षच नाही. एवढी प्रगती पुष्कळ होती.

डोंगरात

शेवटचा टप्पा कच्चा होता. पिकअपच्या मागच्या बाजूला मला गादी घालून बसवलं, तरी माझ्या हाडांची ओळखपरेड झाली. मग झाडीतून एक वस्ती दिसली. दगडमातीची, गवताच्या छपरांची घरं, मध्ये झाडलेलं अंगण, अंगणाच्या टोकाला देवाचं छोटं घर. उतारावर मका उभा. सिल्लोडच्या शेतातल्यासारखा सरळ रांगेत नाही, दगडांच्या मधून जागा मिळेल तिथं, शेजारी भोपळ्याचे वेल.

लुसियाचे वडील तोमासबाबा समोर आले. बुटके, पांढरा सदरा-लेंगा, त्यावर घरातल्या बाईनं महिनोन् महिने बसून भरलेलं लाल-निळं कशिद्याचं काम, आणि पिसं लावलेली रुंद टोपी. त्यांनी माझा हात बोटांच्या टोकांनी हलकेच धरला. इथं हात दाबायची पद्धत नाही. मी नमस्कार केला, त्यांनी तो तसाच्या तसा परत केला आणि लुसियाला काहीतरी बोलले.

"बाबा म्हणतात, ही बाई दमलीय पण हात स्थिर आहेत."

आल्या आल्या मला मक्याची कोवळी कणसं दिसली. माझा हात गेलाच असता, पण लुसियानं आधीच सांगून ठेवलं होतं. सणाच्या आधी नवं कणीस, नवा भोपळा कुणी तोंडात घालत नाही. आधी मुलांनी देवाकडं जाऊन यायचं, मग खायचं. आपल्याकडं नवं धान्य आधी देवापुढं ठेवायचं म्हणतो तेच. देवांना ते नात्यानंच हाक मारतात. अग्नी आजोबा, सूर्य बाप, समुद्र आई, मका आई, हरीण थोरला भाऊ. मी म्हटलं, आमच्याकडं नदी माय हाय आन् चांद मामा. तोमासबाबांनी चंद्राला मामा का म्हणता असं विचारलं. साठी गाठली, मलाच कधी हा प्रश्न पडला नव्हता.

पाच वर्षांच्या आतलं मूल देवांच्या जास्त जवळ असतं, त्याला या जगात नीट धरून ठेवावं लागतं, असं ते मानतात. म्हणून प्रत्येक मुलासाठी बाप दोन काड्यांच्या फुलीवर रंगीत लोकर गुंडाळून एक डोळा करतो, दर वर्षी एक वाढवतो, पाच वर्षं पाच डोळे. आपल्याकडं सटवाई पाचवीला येऊन एका रात्रीत काम उरकते, इथं तेच काम पाच वर्षं सावकाश चालतं. तोन्योच्या वडिलांनी इरासाठीही एक डोळा करून ठेवला होता, पिवळा आणि निळा. इरानं तो पंख्यासारखा फिरवत अंगणभर मिरवला. सगळ्या बायकांच्या मांडीवर बसून आली. माझी मांडी तेवढी सोडली.

दोरी

सणाच्या आदल्या दुपारी बायका दोरी करायला बसल्या. ढोलापासून देवाच्या घरापर्यंत ताणायची ती दोरी, आणि तिच्यावर अंतराअंतरानं कापसाचे पुंजके. कापूस बघितला आणि मला माहेर भेटलं. मी न विचारता बसले, रुई पिंजली, पुंजके वळायला लागले. बायका माझ्या बोटांकडं बघून आपसात काहीतरी म्हणाल्या आणि हसल्या. माझी मान ताठ झाली. एवढ्यात त्यांना कुणी रोट्या भाजायला बोलावलं. त्या उठल्या, मेघाही गेली, आणि मी दोरीपाशी एकटी उरले.

बघते तर काय, दोरीच्या शेवटी हातभर जागा रिकामी. असं अर्धवट वस्त्र मी उभ्या जन्मात देवाला घातलेलं नाही. दुकानदारानं तोंडावर फेकलं असतं! मी आणखी पुंजके वळले, नीट अंतर राखून बांधले, गाठी पक्क्या ओढल्या, आणि समाधानानं हात झटकले.

सकाळी झेंडूच्या माळा लागल्या, कोवळी कणसं आणि भोपळे मांडले. मुलं डोक्याला फुलं बांधून चटईवर ओळीनं बसली, प्रत्येकाच्या हातात भोपळ्याचा खुळखुळा. इरा तोन्योच्या शेजारी. तीन पायांवर उभा केलेला, हरणाचं कातडं ओढलेला ढोल, त्याच्यामागं तोमासबाबा पिसांच्या काड्या घेऊन. मी बायकांमध्ये मागं. तोमासबाबा दोरीपाशी गेले, एकेका पुंजक्याला पिसं लावून एकेका मुलाचं नाव घेत पुढं सरकले. तोन्यो, इरा, पुढची मुलं. मुलं संपली. दोरीवर तीन पुंजके उरले.

बाबा थांबले. लुसिया माझ्याकडं बघायला लागली.

"आई," मेघा कुजबुजली, "तू जास्तीचे बांधलेस?"

"दोरी रिकामी दिसत होती गं!"

"अगं, एक पुंजका म्हणजे एक मूल आहे. ते मूल पक्षी होतं आणि बाबांच्या गाण्याबरोबर विरीकुताला उडून जातं."

मला धरणी दुभंगावी असं झालं. माझ्या एका खोडीपायी परक्यांच्या सणात तीन नसलेली पोरं! मी उठून सोडते म्हणाले, तर लुसियानं माझा दंड धरला. बांधलेला पुंजका सोडता येत नाही. बांधला म्हणजे बोलावलं. तोमासबाबा शांतपणे बोलत होते, लुसिया ते स्पॅनिशमध्ये आणि मेघा मराठीत सांगत होती. "बिननावाचा पक्षी वाटेत चुकतो. मग बाकीचे त्याच्यासाठी थांबतात आणि कुणीच पोहोचत नाही. या बाईनं बोलावलंय, तिनं नावं सांगावीत. पाच वर्षांच्या आतली."

समोर ओळीनं बसलेली ती फुलं बांधलेली मुलं. एकेका आईचा चेहरा माझ्याकडं. त्यांच्या पोरांचा वर्षाचा रस्ता माझ्या तोंडावर अडला होता.

मी डोकं चालवलं. "झोया," मी म्हटलं. "आमच्या शेजारच्या पठाणभाभींची नात. तीन वर्षांची हाय." बाबांनी पुंजक्याला पिसं लावली आणि कशीबशी 'झोया' म्हटलं. "सिद्धार्थ. आमच्या खालच्या मजल्यावर ऱ्हातो, चालायला लागलाय नुकताच." दुसराही झाला. दोघांच्या आयांना अजून पत्ता नाही की त्यांची पोरं मेक्सिकोच्या डोंगरातून उडून आली.

तिसरा मात्र अडला. ओळखीचं एकही पोर पाचाच्या आतलं आठवेना. सगळी शाळेत गेलेली, मिशा फुटलेली. खोटं नाव घ्यायची तिथं हिंमत नव्हती. बाबा वाट बघत होते. मी बोटांवर पुन्हा पुन्हा पोरं मोजली.

तेवढ्यात मुलांच्या ओळीतून मराठीत आवाज आला. "तो आजीचा आहे."

इरा उठून उभी राहिली होती. "शेवटचा तो आजीचा. तिनंच बांधला ना तो."

मेघानं घाबरतच स्पॅनिशमध्ये सांगितलं आणि लुसियानं ते वडिलांना. मी म्हटलं, "अगं येडे, मी म्हातारी हाय!" तोमासबाबांनी माझ्याकडं पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग विचारलं, "हिनं आमच्या डोंगरात नवा मका किती वेळा पाहिला?"

"एकदाही नाही," मेघा म्हणाली.

"मग हिला अजून वर्षही पुरं नाही," बाबा म्हणाले. अंगणभर हसू फुटलं, बायका डोक्यावरचा रुमाल तोंडाला लावून हसल्या, आणि बाबांनी तिसऱ्या पुंजक्याला पिसं टेकवून गंभीरपणे नाव घेतलं, "आजी."

ढोल

ज्याचा पुंजका त्याची जागा ओळीत. मला दोन बायकांनी धरून मुलांच्या चटईवर बसवलं, डोक्याला झेंडू बांधला. साठ वर्षांच्या बाईला झेंडू कसा दिसतो ते मेघाच्या चेहऱ्यावरून कळलं. मग खुळखुळे आले, झोयाचा, सिद्धार्थचा आणि माझा. झोपलेल्या आणि लांबच्या मुलांचा खुळखुळा मोठ्यांनी वाजवायचा असतो. हात दोन आणि खुळखुळे तीन. मी गोंधळले. इरा आपली जागा सोडून सरकत सरकत आली, माझा खुळखुळा तिनं घेतला आणि म्हणाली, "तुझा मी वाजवते." चटई अरुंद होती. ती माझ्या मांडीवर बसली.

ढोल सुरू झाला. तोमासबाबा दिवसभर गायले. एकेक ठिकाण आलं की मेघा मागून सांगायची, आता नदी आली, आता ढगांचं दार आलं, आता निळं हरीण पुढं झालं, घट्ट धरा. घट्ट धरा म्हटलं की इरा खरोखर माझा दंड घट्ट धरायची. मला वाटेतली ठिकाणं फारशी आठवत नाहीत. तिच्या केसांचा वास आठवतो, आणि मी खुळखुळा हळू वाजवला की "आजी, झोयाचा थांबला!" म्हणून बसलेला ओरडा आठवतो. दोन्ही पाय बधिर झाले होते, ते मी कुणाला सांगितलं नाही. पृथ्वीवरच्या कुठल्याही गुडघ्यांनी तेवढा वेळ सोसलं असतं.

ऊन कललं तेव्हा गाणं विरीकुताला पोचलं. सगळी मुलं पोचली, झोया आणि सिद्धार्थही. तोमासबाबांनी घसा खाकरला आणि समारोपाला काहीतरी सांगितलं. मुलांच्या आया माना डोलवत होत्या. मेघानं सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं तेव्हा खाली बघत म्हणाली, "जो पहिल्यांदा उडाला त्यानं पाच वर्षं उडायचं असतं. बाबा म्हणतात, आजीनं आता दर वर्षी यायचं."

मेघाला माझे गुडघे माहीत होते आणि मलाही. वचन द्यावं तर पुरं करता येईल का, ठाऊक नव्हतं.

मग नवा मका आला. निखाऱ्यावर भाजलेली कणसं, भोपळ्याच्या वाफाळत्या फोडी. मुलांना आधी, आणि लहान मुलांना मोठ्यांनी भरवायचं. माझं कणीस लुसियानं इराच्या हातात दिलं. इरानं ते दोन्ही हातांनी धरलं, गाल फुगवून फुंकर मारली, दाणे चार बोटांनी सोलले आणि माझ्या तोंडात घातले. पुन्हा फुंकर, पुन्हा दाणे. सिल्लोडच्या मक्यात वाढलेली मी, इतका गोड मका कधी खाल्ला नव्हता, आणि मला हुंदका फुटला.

"रडू नको," इरा म्हणाली. "तू आत्ता छोटी आहेस म्हणून. पुढच्या वर्षी मोठी होशील ना, मग तुझं तू खायचं."

"व्हय गं माय," मी तोमासबाबांकडं बघत मोठ्यानं म्हटलं, "पुढच्या वर्षी माझं मी खाईन."